सेल, ट्यूब, सुया, उरलेल्या गोळ्या: घरातल्या धोक्याच्या कचऱ्याचं नक्की करायचं काय

टीव्हीखालचा ड्रॉवर उघडा. नाहीतर फ्रिजवरची ती बास्केट, किंवा माळ्यावरचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, प्रत्येक घरात अशी एक जागा असतेच. गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या ड्रॉवरमधून काय निघालं ते सांगतो: रिमोटचे संपलेले सेल अकरा, त्यातल्या दोनमधून पांढरी पावडर बाहेर आलेली, मोबाईलची एक फुगलेली बॅटरी, दोन सीएफएल, आईचा पाऱ्याचा थर्मामीटर, २०१९ ला एक्स्पायर झालेलं खोकल्याचं औषध, बंद पडलेली मच्छर मारायची बॅट आणि तीन चार्जर, ज्यांचे फोन आता घरात कोणाकडेच नाहीत.

यातलं काहीच ओल्यात जात नाही आणि सुक्यातही जात नाही, मग आपण एकतर ड्रॉवर परत बंद करतो नाहीतर एक दिवस वैतागून सगळं काळ्या पिशवीत कोंबून घंटागाडीत देऊन मोकळे होतो. या दोनातलं ड्रॉवर बंद करणं बरं, हे मी खरंच सांगतोय.

मी यातला इंजिनियर वगैरे नाही. पुण्यात आमच्या ४८ फ्लॅटच्या सोसायटीत कचऱ्याचं काम गेली सहा वर्षं माझ्या गळ्यात पडलंय आणि धडपडत जे कळलं ते लिहितोय. ज्यांनी नवीन घर केलंय, पहिल्यांदाच स्वतःचा कचरा स्वतः बघताय, त्यांच्यासाठी हे आहे. डोक्यात एकच प्रश्न ठेवला तरी निम्मं काम होतं: माझी पिशवी बाहेर गेल्यावर तिच्यात हात कोण घालणार आहे? कारण हात घातला जातोच, मशीन वगैरे काही नसतं, एक बाई किंवा एक माणूस असतो आणि बऱ्याचदा हातात धड ग्लोव्हज पण नसतात.

नियम थोडक्यात, मग कामाचं

२०१६ च्या घनकचरा नियमांप्रमाणे घरातला कचरा तीन भागांत वेगळा करून द्यायचा होता: ओला, सुका आणि घरगुती घातक. हा तिसरा भाग बहुतेकांना माहीतच नाही. रंगाचे डबे, कीटकनाशकांचे कॅन, सीएफएल, ट्यूब, मुदत संपलेली औषधं, फुटलेले थर्मामीटर, वापरलेले सेल, सुया-सिरिंज ही नावं नियमात चक्क लिहिलेली होती. त्याच नियमात असंही होतं की स्थानिक संस्थेने दर २० चौरस किलोमीटरला एक तरी केंद्र उभं करायचं जिथे लोक हा कचरा आणून देतील. तुमच्या गावात असं केंद्र कुठे आहे ते विचारून बघा, मजा येईल. आम्ही विचारलं तेव्हा खिडकीमागच्या साहेबांनी सांगितलं "ट्यूब ना? द्या की सुक्यात."

आता १ एप्रिल २०२६ पासून नवीन नियम आलेत, त्यात भाग चार झालेत: ओला, सुका, सॅनिटरी (पॅड, डायपर) आणि विशेष काळजीचा. घरगुती घातकचं नाव 'विशेष काळजीचा' झालं तरी माल तोच. सेल-बॅटऱ्यांना २०२२ चे वेगळे नियम आहेत, ई-कचऱ्याला (फोन, चार्जर असल्या वस्तू) पण २०२२ चे वेगळे, ते एप्रिल २०२३ पासून लागू झाले, आणि दोन्हीत मुख्य जबाबदारी वस्तू बनवणाऱ्या कंपनीवर टाकलीये की तुमचा माल परत गोळा करून रिसायकल करायची व्यवस्था करा. आपल्या वाट्याला येतं ते एवढंच: वेगळं ठेवायचं, योग्य माणसाकडे द्यायचं, जाळायचं नाही, पुरायचं नाही, गटारात सोडायचं नाही.

पायरी पहिली: डबा ठरवा

रंगाची रिकामी वीस लिटरची बादली मिळाली तर उत्तम, झाकण घट्ट बसतं. आत दोन-तीन छोटे डबे ठेवा, एक सेलचा, एक औषधांचा, एक किरकोळ. सगळं एकत्र ओतायचं नाही, विशेषतः सेल आणि पातळ पदार्थ एका डब्यात नकोत. बादली ठेवायची कोरड्या जागी, उन्हात नाही, गॅसजवळ नाही, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी. आमची संडासाच्या वरच्या माळ्यावर आहे. झाकणावर मार्करने मोठं लिहा, मराठीत लिहा, कारण कामाला येणाऱ्या मावशी चुकून रिकामी करायला घेतील तर त्यांना वाचता आलं पाहिजे.

चार माणसांच्या घरात ही बादली भरायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागतं. त्यामुळे "रोज कोण वेगळं करत बसणार" हा जो मुद्दा मीटिंगमध्ये निघतो ना, तो फुसका आहे. आठवड्याला एखादी वस्तू निघते.

आणि एक: मूळ बाटलीतलं दुसऱ्या बाटलीत ओतायचं नाही, कधीच. दारावर येऊन फरशी धुवायचं ॲसिड विकणारे लोक ते पाण्याच्या बाटलीत भरून देतात, तीच बिसलेरीची बाटली, तेच निळं झाकण, आणि घरात एक लहान मूल किंवा अंधारात तहान लागलेलं म्हातारं माणूस असतं. असं काही घेऊच नका, आणि घरात असलंच तर आजच त्याच्यावर नाव लिहा.

सेल आणि बॅटऱ्या

इथे जरा वेळ घालवतो कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच आहे.

साधे पेन्सिल सेल आग वगैरे लावण्याइतके धोक्याचे नसतात, पण ओल्या कचऱ्यात गेले की खतात जस्त आणि मँगनीज उतरतं. पांढरी पावडर आली असेल तर हाताने खरवडू नका, ती कातडीला आणि डोळ्याला झोंबते, कागदाने उचला, हात धुवा. त्यांना एक बरणी करा, बस.

नाण्यासारखे चपटे सेल, घड्याळाचे, गाडीच्या किल्लीतले, पोरांच्या लाईट लागणाऱ्या खेळण्यातले, हे खरे काळजीचे. काढल्या काढल्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावायची. एक तर धातूला धातू लागून ते तापतात, आणि दुसरं म्हणजे लहान मुलाने गिळला तर तो अन्ननलिकेत अडकून अवघ्या दोन तासांत आतून भाजायला लागतो. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवायची नाही, सकाळची वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल, एक्स-रे.

मोबाईल, लॅपटॉप, पॉवर बँक, ब्लूटूथ हेडफोन यात लिथियमची बॅटरी असते. ती फुगली म्हणजे आत गॅस झालाय. अशी बॅटरी दाबून परत आत बसवायची नाही, सुईने टोचून "हवा काढायची" नाही (हसू नका, आमच्या तिसऱ्या मजल्यावर एका मुलाने यूट्यूब बघून प्रयत्न केलेला आणि गादीला भोक पडलं), चार्जिंगला तर अजिबात लावायची नाही. पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवा, डबा बाल्कनीत सावलीला, आणि दोन-चार दिवसांत त्या फोनच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या. कचऱ्याच्या गाडीत कचरा दाबला जातो, तिथे ही बॅटरी चेपली की पेट घेते, आणि सोबत सुका कचरा म्हणजे कागद आणि प्लास्टिक, म्हणजे सरपणच.

मच्छर मारायची बॅट आणि इमर्जन्सी लाईट यांच्यात बऱ्याचदा छोटीशी शिशाची बॅटरी असते, हे मला स्क्रू काढेपर्यंत माहीत नव्हतं. तुम्ही काढत बसू नका, अख्खी बॅटच बाजूला ठेवा.

इन्व्हर्टरची आणि गाडीची मोठी बॅटरी. ही गोष्ट वेगळी आहे कारण हिला भाव आहे. आत शिसं आणि सल्फ्युरिक ॲसिड, शिसं पुन्हा पुन्हा वितळवून वापरता येतं म्हणून भंगारवाला पण पैसे देतो आणि दुकानदार पण नवीन बॅटरीच्या बिलातून जुनीचे कमी करतो. भंगारवाला कधीकधी शे-दोनशे जास्त देईल. घेऊ नका, दुकानदाराला द्या. कारण सांगतो: गल्लीबोळातल्या भट्टीत बॅटरी कोयत्याने फोडतात, ॲसिड गटारात ओततात आणि शिसं उघड्यावर वितळवतात, तो धूर आणि ती माती आजूबाजूच्या पोरांच्या रक्तात उतरते आणि मुलांच्या मेंदूवर शिशाचा होणारा परिणाम परत भरून येत नाही. दुकानदाराकडून बॅटरी रीतसर कारखान्यात गेली तर तिथे ॲसिड वेगळं, प्लास्टिक वेगळं, शिसं वेगळं होऊन परत बॅटरीतच येतं. बिलावर जुनी बॅटरी परत घेतल्याचं लिहून घ्या. नेताना उभी न्या, आडवी केली तर ॲसिड गळतं, आणि डिकीत पेपर नाही, प्लास्टिकचा टब ठेवा.

पारा

शाळेत लॅबमध्ये फुटलेल्या थर्मामीटरचा पारा तळहातावर घेऊन आम्ही गोळ्या-गोळ्या खेळलोय, सर पण बघत होते. आज आठवलं की अंगावर काटा येतो. पारा नुसता पडून राहिला तरी त्याची वाफ होत असते, दिसत नाही, वास येत नाही.

प्रमाण लक्षात ठेवा. सीएफएलमध्ये साधारण ५ मिलिग्रॅम किंवा कमी पारा असतो. ताप बघायच्या काचेच्या थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅम. म्हणजे एक थर्मामीटर फुटला तर तो शंभर-दोनशे सीएफएल फुटल्यासारखा. म्हणून बल्ब फुटल्यावर घाबरून घर सोडायची गरज नाही, पण थर्मामीटर फुटला तर "पुसून टाक गं" म्हणायचं नाही.

सीएफएल किंवा ट्यूब फुटली तर हे क्रमाने करा. पंखा आणि एसी बंद, खिडक्या उघड्या, आतल्या खोल्यांचं दार लावा, पोरं आणि कुत्री-मांजरं बाहेर, आणि स्वतःही दहा-पंधरा मिनिटं बाहेर थांबा. मग हातात प्लास्टिकची पिशवी किंवा ग्लोव्हज घालून जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी काचा गोळा करा. केरसुणी नको, व्हॅक्युम क्लीनर तर मुळीच नको, त्याने पारा घरभर उडतो. बारीक चुरा चिकटपट्टीने टिपा, शेवटी ओल्या कागदाने पुसा, आणि काचा, पट्टी, कागद, पुठ्ठा सगळं झाकणाच्या बरणीत घालून बरणी बादलीत.

थर्मामीटरला याच्यात दोन गोष्टी जास्त. सगळ्यात आधी हातातली अंगठी, बांगड्या, गळ्यातलं मंगळसूत्र काढून लांब ठेवा, पारा सोन्याला धरतो आणि सोनं पांढरं पडून खराब होतं. मग खोलीत अंधार करून टॉर्च जमिनीलगत आडवा धरा, कॉटखाली गेलेले बारीक थेंब चमकतात. कागदाच्या कडेने ते एकमेकांकडे ढकला, मोठा थेंब झाला की औषधाच्या ड्रॉपरने ओढून काचेच्या बरणीत. बेसिनमध्ये धुवायचं नाही, पारा खालच्या वाकड्या पाईपमध्ये जाऊन बसतो. पारा लागलेला कपडा मशीनला लावायचा नाही, तो पण पिशवीत बंद करून द्यायचा.

न फुटलेल्या ट्यूब सरळ उभ्या ठेवा, नव्या ट्यूबचं पुठ्ठ्याचं कव्हर फेकू नका, त्यातच जुनी घाला. एलईडीत पारा नाही, पण आत सर्किट आहे म्हणून तो ई-कचऱ्यात. डिजिटल थर्मामीटर घेतला असेल तर पाऱ्याचा "असू दे, तो खरा ताप दाखवतो" म्हणून ठेवू नका. आईशी माझं यावरून दोन महिने चाललं होतं.

सुया

हे लिहायला मला आवडत नाही, पण लिहितो.

बाबांना शुगर, इन्सुलिन पेनच्या सुया रोज. आम्ही त्या टोपणं लावून दुधाच्या पिशवीत गुंडाळून सुक्यात टाकायचो, वाटायचं गुंडाळलंय ना, झालं. एक दिवस खाली पार्किंगमध्ये आमच्या कचरा घेणाऱ्या ताई पिशवी उघडून प्लास्टिक वेगळं करत होत्या, दुधाची पिशवी त्या नेहमी वेगळी काढतात, तिचे पैसे येतात. टोपण निघालेली एक चार मिलिमीटरची सुई ग्लोव्हजमधून त्यांच्या अंगठ्याच्या पेरात गेली. रक्ताचा एक ठिपका, एवढंच. त्या म्हणाल्या काही नाही हो होतं असं, आणि परत हात घालायला लागल्या. त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो, तपासण्या झाल्या, कावीळ ब चं इंजेक्शन सुरू झालं, काही आठवड्यांनी परत तपासणी, तीन महिन्यांनी परत. सगळं निगेटिव्ह आलं. पण ते तीन महिने रोज सकाळी दारात त्यांना पिशवी देताना मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

तर आता असं करतो. जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची बाटली, कपडे धुवायच्या लिक्विडची किंवा फिनाईलची चालते, पाण्याची पातळ बाटली नाही, तिच्यातून सुई आरपार येते. पेनची सुई तिच्या मोठ्या बाहेरच्या टोपणाने फिरवून काढायची आणि थेट बाटलीत. साध्या सिरिंजला परत टोपण बसवायला जायचं नाही, बहुतेक वेळा तेव्हाच बोटाला टोचते. शुगर बघायच्या छोट्या सुया, दाढीची ब्लेड पण त्यातच. पाऊण भरली की झाकण लावून टेप गुंडाळा, वर लाल मार्करने "सुया" लिहा आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे किंवा रक्त तपासायच्या लॅबमध्ये विचारा. दवाखान्यांना त्यांचा जैववैद्यकीय कचरा रीतसर उचलून नेणाऱ्या गाडीला द्यावाच लागतो, तुमची एक बाटली त्यात जाऊ शकते. सगळे हो म्हणत नाहीत. आमच्या तिसऱ्या डॉक्टरांनी हो म्हटलं.

आणि कोणाला टोचलीच तर: वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टर. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकं लवकर तितकं चांगलं.

औषधं

खोक्यातून बाहेर काढा, खोकं आणि माहितीचा कागद सुक्यात, गोळ्या स्ट्रिपमध्येच राहू द्या, पातळ औषध बाटलीतच. सगळं एका पिशवीत, बादलीत. बेसिनमध्ये ओतायचं नाही, संडासात फ्लश करायचं नाही, आपली मैलापाण्याची यंत्रणा औषधं गाळून काढायला बनवलेलीच नाही. औषध पर्यावरणात गेल्यावर काय होतं याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे गिधाडं. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि काही वर्षांत गिधाडं जवळजवळ संपली, २००६ मध्ये ते गुरांसाठी बंद केलं तोवर उशीर झाला होता. आता ते कचऱ्यातून नाही गेलं हे मला माहितीये, पण एक साधी दुखण्याची गोळी किती लांब जाते ते यातून कळतं.

फ्लश करायला अपवाद आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. २०२५ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रण संघटनेने १७ औषधांची यादी काढली, फेंटानिल, ट्रामाडॉल वगैरे, मुख्यतः कडक वेदनाशामकं, जी घरात चुकीच्या माणसाने एकदा घेतली तरी जीव जाऊ शकतो. तेवढी फ्लश करा म्हणाले. घरात कॅन्सरचं आजारपण होऊन गेलं असेल तर अशा पट्ट्या राहिलेल्या असतात, डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

दम्याचा पंप रिकामा वाटला तरी आत दाबाने गॅस असतो, तो आगीत टाकायचा नाही, फोडायचा नाही. डिओ आणि झुरळांच्या स्प्रेचं तेच.

रंग, थिनर, ॲसिड, विषारी औषधं

घराला रंग दिला की पेंटर अर्धा डबा ठेवून जातो, "लागेल साहेब टचअपला". नाही लागत. वॉचमनच्या खोलीला, गावाकडच्या कंपाउंडला देऊन टाका, वापरला गेला की तो कचराच नाही. कोणी घेत नसेल तर पाण्याचा रंग वाळू किंवा लाकडाचा भुसा घालून उघडा ठेवून दगडासारखा सुकवा. ऑइल पेंट, टर्पेंटाईन, थिनर गटारात नाही. ब्रश धुतलेलं टर्पेंटाईन बाटलीत दोन दिवस ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं परत वापरता येतं. जवसाच्या तेलाचं पॉलिश केलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटतात, पसरून वाळवा.

संडासाचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र करायचं नाही, क्लोरीन गॅस होतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा आहे. संपलेल्या बाटल्या विसळून सुक्यात चालतात.

उंदराचं औषध आणि धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, यांना पाणी लागता कामा नये. ओलावा लागला की या गोळ्यांतून फॉस्फिन हा विषारी गॅस सुटतो, त्यामुळे "धुवून टाकू" हा विचारच नको. मूळ डब्यातच, कोरड्यात, आणि जिथून घेतलं त्या कृषी सेवा केंद्रात परत.

शेती असणाऱ्यांसाठी एवढंच: डब्यावरचा त्रिकोण बघा, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. रिकामा कॅन तीनदा विसळा, पाव भाग पाणी, झाकण लावून हलवा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, आणि मग कॅनच्या बुडाला भोकं पाडा म्हणजे उद्या कोणी त्यात रॉकेल किंवा पाणी भरणार नाही. २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसं गेली, ते फवारणी करतानाचं होतं, पण विष तेच आणि हात तेच.

गाडीचं जळकं ऑइल लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावायची आपल्याकडे जुनी सवय आहे, त्यात जड धातू असतात, घरातल्या लाकडाला तरी लावू नका. गॅरेजला द्या, ते ऑइल परत शुद्ध होतं. फुसके फटाके रात्रभर बादलीभर पाण्यात बुडवा, मगच टाका. आणि पॅड, डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळे द्या, ठिपका दिसला की ताई ते पुडकं उघडत नाहीत.

द्यायचं कुठे

ई-कचरा सगळ्यात सोपा. कंपनीच्या वेबसाईटवर परत घ्यायची सोय असते, मोठ्या दुकानांत एक्स्चेंज असतं, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साईटवर परवानाधारक रिसायकलरची यादी आहे. पुण्यात "स्वच्छ" या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेची व्ही-कलेक्ट मोहीम असते, जुनं सामान आणि ई-कचरा घेतात. मुंबईत महापालिकेने २०२५ पासून सॅनिटरी पॅड, डायपर, जुनी औषधं असा कचरा वेगळा उचलायला सुरुवात केली, सोसायटीने नोंदणी करायची. बाकी गावांत वॉर्ड ऑफिसच्या आरोग्य निरीक्षकाला गाठा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी विचारलं तर "सुक्यात द्या" ऐकायला मिळेल.

कोणी "आम्ही ई-कचरा घेतो" म्हणून सोसायटीत आलं तर तीन गोष्टी विचारा: राज्याच्या किंवा केंद्रीय प्रदूषण मंडळाचं नोंदणीपत्र दाखवा, माल पुढे कोणत्या कारखान्यात जातो, आणि वजनाची पावती देणार का. फोटोतलं प्रमाणपत्र दाखवतात त्याची तारीख बघा. फोन-लॅपटॉप देताना बॅकअप, रीसेट, सिम आणि कार्ड काढून. वायरी जाळून तांबं काढणाऱ्याला वायरी देऊ नका, त्याचा भाव चांगला असला तरी.

ज्याचं रिसायकलिंग होतच नाही ते शेवटी तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणच्या घातक कचऱ्याच्या प्रकल्पात जातं, जाळायच्या बंद भट्टीत किंवा खाली जाड अस्तर असलेल्या खड्ड्यात. एका घराच्या बादलीसाठी तिथून गाडी येत नाही, म्हणून सोसायटीने एकत्र करणं परवडतं.

आम्ही काय केलं: पार्किंगमध्ये कुलूपवाली एक पत्र्याची पेटी, आत चार कप्पे, किल्ली वॉचमनकडे, आणि वर्षातून दोनदा, गणपतीच्या आधी आणि होळीच्या आधी, गाडी बोलवायची. दिवाळीनंतर ठेवून बघितलं, सगळे गावाला गेलेले असतात. पहिल्या वेळी ४८ पैकी नऊ घरांनी दिलं. दुसऱ्या वेळी मी नोटीस न लावता जिन्यात उभं राहून प्रत्येकाला नुसतं विचारलं, "टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये काय आहे?", एकतीस घरांनी दिलं.

पेटीपर्यंत ट्यूब आणताना लिफ्टमध्ये आडवी धरू नका, दारात अडकते. आमच्या लिफ्टमध्ये दोन फुटल्यात.